सुपारी देताना वगाचं नाव विचारा

गुढीपाडव्याच्या आसपास पुणे-नाशिक रस्त्यानं नारायणगावात शिरलं की राहुट्या दिसायला लागतात. ताडपत्रीच्या, कनातीच्या, काही पत्र्याच्या. प्रत्येकीवर फडाचा भलामोठा फलक, त्यावर फडमालकाचा आणि मुख्य कलावंतांचा फोटो. आत गादी, टेबल-खुर्ची, तिथींचं कॅलेंडर आणि फडाची वही. एरवी टोमॅटोच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं हे गाव या दिवसांत तमाशाची पंढरी होतं. पुणे, नगर, नाशिक आणि त्यापलीकडच्या गावांच्या यात्रा कमिट्या इथं येतात, फड ठरवतात, इसार देतात आणि माघारी जातात.

आमचं गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं. देव भैरवनाथ. माझं किराणा दुकान आहे, थोडी बागायत आहे. यात्रा कमिटीत मी आलो तो वर्गणीचा हिशेब लिहिणारा म्हणून. पण हिशेब लिहिणाऱ्याला सुपारीलाही जावं लागतं, कारण इसाराचे पैसे त्याच्या पिशवीत असतात. त्या निमित्तानं मी तमाशाचा धंदा जवळून पाहिला आणि तमाशाही पाहिला.

आमच्याकडच्या यात्रा चैत्र-वैशाखात येतात त्याला कारण आहे. गहू, हरभरा निघालेला असतो, कांदा वखारीत पडलेला असतो, रानं मोकळी असतात. पावसाची भीती नसते. परीक्षा संपल्यामुळे पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसांना पोरांसह गावी येता येतं. पाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावाची यात्रा असते. मात्र सगळ्या तिथी सारख्या नसतात. चैत्र पौर्णिमेला आणि चैत्र वद्य अष्टमीला इतक्या गावांच्या यात्रा एकाच वेळी येतात की फड कमी पडतात. कालाष्टमी बहुतेक भैरवनाथांची. त्या दिवशीचा फड हवा असेल तर पाडव्यापर्यंत थांबूनही चालत नाही, आणि भाव इतर दिवसांपेक्षा कितीतरी चढा असतो. तो लाखांत जातो. त्यामुळे वर्गणीच्या हिशेबात तमाशाचा आकडा नेहमी सगळ्यात वर असतो, देवाच्या अभिषेकापेक्षा आणि मांडवापेक्षाही मोठा.

मी पहिल्यांदा राहुटीत बसलो तेव्हा आमच्या शेजारी दुसऱ्या एका गावची कमिटी बसली होती. तरुण पोरं होती. त्यांचे प्रश्न मी ऐकत होतो. मुली किती आहेत? लाईटचा सेट नवा आहे का? स्टेज केवढं? अमुक सिनेमातलं गाणं होतं का? मॅनेजरकडे मोबाईलमध्ये व्हिडिओ तयार होते, तो एकेक दाखवत होता. सौदा झाला, इसार दिला, नारळ आणि पान घेऊन पोरं गेली.

आमचे अध्यक्ष अण्णा. वय सत्तरीच्या पुढं, डोक्याला टोपी, फार बोलायची सवय नाही. मॅनेजरनं आमच्यापुढंही मोबाईल धरला. अण्णांनी तो बाजूला सारला.

“वग कुठला लावणार?”

मॅनेजरनं वहीतून मान वर केली. “अण्णा, वग आता कोण मागतंय? दहा वाजता बंद करायचं असतं. गण, गौळण, मग गाणी. पब्लिकला तेवढंच पाहिजे.”

“आमच्या गावाला वग पाहिजे. वग होणार असंल तर इसार देतो.”

मॅनेजर थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं कनातीमागं हाक मारली, “मास्तर, जरा या.” आतून एक पासष्टीचा माणूस आला. फडाचा जुना सोंगाड्या. खाली मांडी घालून बसला आणि वगांची नावं सांगायला लागला. ऐतिहासिक, दरोडेखोरीचे, सासू-सुनेचे, हुंड्याचे. प्रत्येक वगाला किती पात्रं, किती वेळ, कोण बाई राणी करते आणि कोणाचा आवाज प्रधानाला शोभतो, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्या कनातीत पाच मिनिटांत मी त्याला खुलताना पाहिलं. शेवटी एका संस्थानाच्या गादीवरून झालेल्या कपटाचा वग ठरला. मी इसाराची पावती फाडून घेतली आणि अण्णांच्या सांगण्यावरून तिच्यावर वगाचं नाव लिहून घेतलं.

हे मास्तर आणि अण्णा ज्या तमाशाबद्दल बोलत होते त्याची बैठक अशी. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची म्होरकी मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या. मावशीचं काम पुरुषच करतो आणि तिच्या तोंडी गावाला चिमटे घेण्याची मुभा असते. त्यानंतर बतावणी आणि लावण्यांची रंगबाजी. आणि सगळ्यात शेवटी वग, म्हणजे पूर्ण नाट्य. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. 1945 साली ते गेले, पण त्यांचे गण आणि गौळणी अजून फडांच्या तोंडी आहेत. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगातले हवालदार गावोगाव नेले. दादू इंदुरीकरांचं ‘गाढवाचं लग्न’ तर ज्यांनी तमाशाचं मैदान कधी पाहिलं नाही अशांनाही माहीत आहे. काळू-बाळू, इंदुरीकर ही नावं वगांमुळे राहिली. आज गाण्यांवर नाचणाऱ्या किती जणींची नावं गावाला दुसऱ्या दिवशी आठवतात?

नारायणगावात बसून विठाबाईंचं नाव न काढता उठता येत नाही. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड. त्यातल्या भाऊंची मुलगी विठाबाई. जन्म 1935 चा. पोटातलं बाळ घेऊन ती नाचायला उभी राहिली, मध्येच आत जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा मंचावर आली, ही गोष्ट आमच्याकडं प्रत्येक घरात सांगतात. ऐकणारे तिच्या हिमतीचं कौतुक करतात. मला मात्र ती गोष्ट ऐकताना समोर बसलेल्या लोकांचा प्रश्न पडतो. एका बाईवर अशी वेळ येते ती सुपारी मोडली तर फडाचं पोट बुडतं म्हणून, आणि सुपारी देणारी आपण माणसं असतो. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेली ही कलावंतीण 2002 मध्ये गेली. शेवटचे दिवस तिनं फार हालाखीत काढले. आता राज्य सरकार तिच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. तिची मुलगी मंगला बनसोडे यांनी पुढं स्वतःचा फड उभा केला आणि त्यांनाही तो पुरस्कार मिळाला.

फडाचं पोट कसं चालतं ते राहुटीत बसल्याशिवाय कळत नाही. मोठे फड दसऱ्याला बाहेर पडतात, तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतात. काही फड नुसते हंगामी, यात्रांपुरते उभे राहणारे. दोघांचाही खरा पैसा चैत्र-वैशाखाच्या सुपाऱ्यांत आहे. हंगामाच्या सुरुवातीला कलावंत मालकाकडून उचल घेतात: पोरांच्या शाळेला, आजारपणाला, लग्नाला, घराच्या पत्र्याला. उचल द्यायला मालकही कुणाकडून तरी व्याजानं घेतो. ती सगळी साखळी या दोन महिन्यांत फिटायची असते. 2020 साली देशभर टाळेबंदी सुरू झाली ती 25 मार्चला, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. राहुट्या लागल्या होत्या, इसार झाले होते. सगळं तिथंच थांबलं. पुढच्या वर्षी पाडवा 13 एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी राज्यात पुन्हा निर्बंध लागले. लागोपाठ दोन हंगाम गेले. कांताबाई सातारकरांसारखी थोर कलावंत त्याच 2021 साली गेली. आम्ही दिलेला इसार आम्ही परत मागितला नाही. कमिटीत त्यावर वाद झाला, पण अण्णांनी ऐकलं नाही. त्या काळात ढोलकीवाले कांदे काढायला गेले, नाचणाऱ्या बाया खुरपायला गेल्या, एक पेटीवाला आमच्याच गावात वीटभट्टीवर होता.

आता तो वग झाला त्या यात्रेचा दिवस सांगतो.

पहाटे अभिषेक झाला. सकाळी मांडवडहाळ्यांच्या बैलगाड्या वाजतगाजत देवळाशी आल्या. नवसाची शेरणी वाटणं चाललं होतं, पोरांच्या हातात गूळ, कपाळाला गुलाल. घाटात बैलगाडे पळत होते. सात-आठ वर्षांच्या बंदीनंतर 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून त्या घाटावर माणूस मावत नाही. ऊन असं की चप्पल काढली तर पाय भाजावा.

फडाचे ट्रक दुपारी आले. आदल्या रात्री दुसऱ्या तालुक्यात खेळ, सकाळी तिथल्या देवापुढची हजेरी आणि मग इथवरचा प्रवास. बायका ट्रकमध्ये पेट्या आणि गाद्यांच्या मध्ये बसून आल्या होत्या. एकीच्या मांडीवर वर्षाचं मूल होतं. यात्रेच्या गावात त्यांना उतरायला जागा कुठं असते? आमच्याकडंही आधीच्या वर्षांपर्यंत ट्रकची सावली हीच जागा होती. अंघोळ कुठं करायची, शौचाला कुठं जायचं, हा प्रश्न कमिटीच्या बैठकीत कधी निघालाच नव्हता. तो त्या वर्षी माझ्या बायकोनं काढला. तिनं घरी मला विचारलं, आणि मी उत्तर देईना तेव्हा बचत गटाच्या बायकांना घेऊन सरळ अण्णांकडे गेली. शाळेच्या दोन खोल्या उघडल्या. टँकरचं पाणी शाळेच्या टाकीत सोडलं, पंखे चालू केले, दाराला आतून कडी आहे ना ते पाहिलं. फडाला शिधा देण्याची रीत आमच्याकडं होतीच. त्या दिवशी बायकांनी शिध्याबरोबर ताकाचे हंडे पाठवले. तिन्हीसांजेपर्यंत ती माणसं झोपली. रात्रीच्या खेळात जो जीव दिसला त्याचं निम्मं श्रेय मी त्या झोपेला देतो.

वेळेचा प्रश्न मात्र अवघड होता. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर भोंगा बंद. सरकार वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण प्रत्येक गावाच्या यात्रेला ती मिळेलच असं नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. गावात आजारी माणसं असतात, तान्ही पोरं असतात. अडचण आपली आहे. रात्रभर चालणाऱ्या तमाशाची सवय आपल्याला आहे, आणि घड्याळ दहाचं आहे. हारतुरे सहाला ठरतात आणि आठला सुरू होतात. मानपान, सत्कार, भाषणं, वर्गणीदारांची नावं. फडाच्या हातात दीड तास राहतो. त्यात गण उरकतात, गौळण निम्मी करतात, आठ-दहा गाणी होतात आणि पोलिसांची गाडी येऊन उभी राहते. वगाला कुणी मुद्दाम मारलं नाही. तो सत्कारांच्या रांगेत उभा राहून संपला.

अण्णांनी त्या वर्षी हारतुरे चारला ठेवले, उन्हात. पुढारी म्हणाले, एवढ्या उन्हात कोण येणार? अण्णा म्हणाले, “ज्याला मान घ्यायचाय तो यील.” आले सगळे. साडेपाचला हारतुरे संपले आणि सव्वासातला मैदानात फड उभा राहिला.

आमच्याकडं अंधार पडल्यावर घरी जायचं म्हणजे बिबट्याची धास्ती असते. उसाच्या पट्ट्यात गेली कित्येक वर्षं तो आहे, माणसं गेली आहेत, त्यामुळं मळ्यातल्या बायका रात्रीच्या कार्यक्रमाला येणं जवळजवळ बंद झालं होतं. खेळ लवकर सुरू होणार म्हटल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून मळ्यांतून बायका आल्या. परतताना त्याच ट्रॉल्यांतून एकत्र गेल्या. तमाशाच्या मैदानात एका बाजूला एवढ्या बायका बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

मंचाच्या मागं हलगीवाल्यानं उसाचं पाचट पेटवून हलगी शेकली. कातडं ताणलं की आवाजाला धार येते. दिवसभराच्या उन्हानं ते तापलेलंच असेल असं मला वाटत होतं, पण तो म्हणाला, सांज झाली की कातडं लगेच उतरतं. ढोलकीवाला कड्या सारून सूर लावत होता. तुणतुण्याची तार लागली, झांजेचा ठोका पडला. ऑर्गन आणि ऑक्टोपॅडही होते. मला त्यांचं वावडं नाही. पण पहिली दहा मिनिटं ती दोन्ही बंद ठेवून नुसता ढोलकी-हलगीचा सामना झाला. ढोलकी एक बोल टाकी, हलगी तो उलटवी. मधेच दोघं थांबत आणि लोक श्वास धरून बसत, मग एकदम समेवर येत. मैदानाच्या कडेला चहाच्या गाड्यावर उभे असलेले लोकसुद्धा पुढं सरकले.

गण झाला. गौळणीत मावशीनं आमच्या सरपंचाला, टोमॅटोच्या भावाला, पाणी न आलेल्या नळयोजनेला आणि हिशेब लिहिणाऱ्या किराणावाल्याला सोडलं नाही. दुपारी शाळेत झोपण्याआधी तिनं, म्हणजे त्या कलावंतानं, आमच्या पोरांकडून गावाची सगळी खबर काढून घेतली होती. हेच या कलेचं मर्म आहे असं मला वाटतं. रोज नवं गाव, आणि रोज त्या गावाची गौळण. ती कुठल्याही पडद्यावर दाखवता येणार नाही, कारण पुढच्या गावात नळयोजना वेगळी असते.

रंगबाजीत सहा लावण्या आणि मागणीप्रमाणे सिनेमातली तीन गाणी झाली. पुढं बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, काहींनी मंचाजवळ जायला सुरुवात केली. कमिटीचे चार जण तिथं उभे होते, त्यांनी पोरांना खाली बसवलं. हेही कमिटीचंच काम आहे. मंचावरच्या बाईच्या अंगावर कुणी नोट फेकायची नाही, बक्षीस द्यायचं तर नाव लिहून मॅनेजरकडे द्यायचं, हे आम्ही माईकवरून आधीच सांगितलं होतं. एकानं ते मोडलं. त्याला त्याच्या चुलत्यानंच हाताला धरून बाहेर नेलं.

पावणेनऊला वग सुरू झाला. गाणी संपली म्हणून काही तरुण उठले. मी मनात मोजत होतो किती राहतात. बरेच राहिले.

वगाला छापील संहिता नसते, निदान या वगाला नव्हती. कथेचा सांगाडा सगळ्यांना माहीत, संवाद ज्याचे त्यानं बोलायचे. राजा भोळा, प्रधान कपटी, राणीवर आळ, राणी रानात. सगळ्यांना पुढं काय होणार ते ठाऊक होतं. तरी आळ घेतला जातो त्या प्रवेशाला बायकांच्या बाजूनं आवाज यायला लागला. “आगं, बोल की!” एक म्हातारी चक्क उभी राहिली. राणीचं काम करणारी बाई थांबली, त्या बाजूला वळली आणि म्हणाली, “बोलले असते, आई. पण दरबारात बाईचं ऐकून घेणारं कोण बसलंय?” हे वाक्य वगातलं नव्हतं, मास्तरांनी नंतर मला सांगितलं. मैदान शांत झालं आणि मग टाळ्या पडल्या. ही तीच बाई होती जिच्या मांडीवर दुपारी ट्रकमध्ये मूल होतं. तिच्या अंगावर आता जरीची साडी होती, आवाज मागच्या लिंबापर्यंत पोचत होता, आणि एक तासापूर्वी तिच्याकडे बघून शिट्टी मारणारी पोरं तिच्यासमोर गप्प बसली होती. गाण्यावर नाचताना लोकांनी तिला पाहिलं. वगात लोकांनी तिचं ऐकलं. एवढ्या एका गोष्टीसाठी वग टिकला पाहिजे, असं माझं ठाम मत त्या रात्री झालं.

मास्तर हवालदार झाले होते. कनातीत बसलेला तो थकलेला माणूस मंचावर वीस वर्षांनी लहान दिसत होता. राणीच्या सुटकेचा शेवट त्यांना घाईत उरकावा लागला, कारण दहाला सात मिनिटं होती. तेवढी एक चुटपुट राहिली. आणखी पाव तास मिळाला असता तर वग पुरा झाला असता. पुढच्या वर्षी आम्ही सातच्या ठोक्याला सुरुवात केली आणि तो पाव तास काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. रात्रीच्या तमाशाबद्दल सगळे बोलतात, हजेरीबद्दल फार कमी. फड सकाळी देवळापुढं येऊन देवाला आपली सेवा रुजू करतो. मंच नाही, लाईट नाही, मेकअप जेमतेम. सभामंडपातली फरशी, समोर देव, भोवती गाव. आमच्याकडं नऊला सुरू होते आणि उन्हं तापायच्या आत संपते. मला विचाराल तर ज्याला तमाशाचं संगीत ऐकायचं आहे त्यानं हजेरी चुकवू नये. रात्री भोंग्यांच्या आवाजात ढोलकीचे निम्मे बोल हरवतात. सकाळी ढोलकीवाला तुमच्यापासून चार हातांवर बसलेला असतो. डाव्या पुडीवर तळहात कसा घसरतो, उजवीकडं बोटं कशी तुटून पडतात, ते दिसतं. चाळांचा आवाज खरा ऐकू येतो. जुन्या लावण्या इथं निघतात, बैठकीच्या, सावकाश, कारण सिनेमाचं गाणं देवळात कुणी मागत नाही. मंडपात म्हातारे, शाळकरी पोरं, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, सगळे बसतात.

त्या सकाळी राणीचं काम करणाऱ्या बाईनं एक लावणी बसून, नुसत्या अदेवर केली. जागेवरून ती हलली नाही. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या गावात आल्यापासून तमाशाला कधी आल्या नव्हत्या. त्यांनी स्वतः उठून त्या बाईची ओटी भरली आणि पोरांना सांगितलं, “नमस्कार करा.” पोरांनी केला. नंतर त्यांनी मला विचारलं की जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ढोलकीवाले शाळेत येतील का. आले. आषाढात त्यांना सुपारी नसते. आठवड्यातून एक दिवस याप्रमाणे त्यांनी पोरांना ढोलकी आणि हलगी शिकवली, कमिटीनं मानधन दिलं. वर्गणीच्या शिलकीतून एवढा खर्च सहज निघतो, हे हिशेब माझ्याकडं असल्यामुळं खात्रीनं सांगतो.

हजेरी संपली. उरलेली रक्कम मी मॅनेजरला मोजून दिली. गावोगावी ही रक्कम अडवून ठेवायची, गर्दी कमी झाली, गाणं झालं नाही असं काहीतरी काढून हजारांनी कापायची, ही खोड आहे. करारात ठरलं ते यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत फडाच्या हातात पडलं पाहिजे. त्यांची संध्याकाळ दुसऱ्या गावात असते, आणि तिथवरच्या डिझेलचे पैसे तुमच्याकडं अडकलेले असतात. दुपारी कुस्त्यांच्या आखाड्याची हलगी वाजायला लागली तेव्हा ट्रक निघाले होते.

यात्रा कमिट्यांतल्या मंडळींना माझं सांगणं आहे. लाखांत पैसे मोजून तुम्ही फड आणता, तर त्याच्याकडून पूर्ण तमाशा मागा. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग. इसाराच्या पावतीवर वगाचं नाव लिहून घ्या आणि यात्रेच्या पत्रिकेत फडाच्या नावाखाली ते छापा. कलावंतांना पाणी, आडोसा आणि कडीची खोली द्या. बायकांना बसायला वेगळी, उजेडाची जागा ठेवा. हजेरीची वेळ गावभर सांगा. आणि हारतुरे चार वाजता उरकून सातला पडदा उघडा.